अख्खा पूल साडेतीन वर्षांत, अर्धा पूल चोवीस वर्षांत?

मोजपट्टी
सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजबद्दल वाचत होतो आणि डोकं फिरलं. म्हणून हा धागा.

मूळ पुलाचं काम जुलै १९३३ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये त्यावरून गाड्या गेल्या. जागतिक मंदीचा काळ, सगळे हिशेब कागदावर. पुढे १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात पूर्वेकडच्या भागात वरच्या मजल्याचा एक तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला, एकाचा जीव गेला. तुकडा महिन्याभरात बसवून वाहतूक सुरू केली, पण पुढचा मोठा धक्का हा भाग झेलणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. त्याच्या जागचा नवा पूल उघडला कधी? २ सप्टेंबर २०१३ ला!

मधल्या काळात काय चाललं होतं बघा. आधी डागडुजी की नवा पूल, यावर घोळ. नवा ठरला तर राज्य सरकार म्हणे साधा सपाट पूल पुरे, ज्यांना केबल टांगलेला देखणा मनोरा हवा त्यांनी जादा टोल भरावा. मग महापौर विली ब्राउन यांना मार्ग बदलून हवा, कारण मधल्या बेटावरची नौदलाची जमीन शहराला मिळायची होती आणि पूल नेमका तिला खेटून जात होता. नौदलाने तर माती तपासणाऱ्यांना बेटावर पाऊलच ठेवू दिलं नाही. २००४ मध्ये मनोऱ्याची निविदा उघडली तर आत एकच पाकीट, १.४ अब्ज डॉलरचं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांचं सरकार म्हणालं, मनोरा रद्द, सपाट पूल करा. पुन्हा महिनोन् महिने भांडण, आणि २००५ मध्ये मनोरा परत! १९९७ चा अंदाज सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होता, झाले साडेसहा अब्जांच्या घरात.

माझं मत: राजकारण्यांना पुलाच्या आखणीपासून चार हात लांब ठेवा. तज्ज्ञांचं एक स्वायत्त मंडळ नेमा, पैसे द्या, तारीख द्या आणि बाजूला व्हा. कुणाला काय वाटतं?

(मुंबईतल्या पुलांवरून इथे आधीच भरपूर रणं माजलेली आहेत. कृपया ती इथे आणू नका.)

टोलवाटोलवी
राजकारण्यांना लांब ठेवलं तर फीत कोण कापणार?

खडूस आजोबा
टोलवाटोलवी, फीत कापायला राजकारणी लागतोच असं नाही. सिडनी हार्बर ब्रिज, १९ मार्च १९३२. प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) जॅक लँग कात्री घेऊन तयार. एवढ्यात घोड्यावर बसलेला, गणवेशातला एक इसम मिरवणुकीत घुसला आणि त्याने तलवारीने फीत कापून टाकली! फ्रान्सिस डी ग्रूट त्याचं नाव, न्यू गार्ड नावाच्या उजव्या संघटनेचा माणूस. म्हणणं असं, की उद्घाटन राजघराण्यातल्या कुणीतरी करायला हवं, या डाव्या लँगने नव्हे. त्याला घोड्यावरून उतरवून नेला, फीत पुन्हा बांधली, लँगने पुन्हा कापली. दंड झाला पाच पौंड.

टोलवाटोलवी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पाच पौंडात उद्घाटन म्हणजे फारच स्वस्तात पडलं.

वाटसरू
धागा चांगला, निष्कर्ष पटला नाही.

मोजपट्टी, तुम्ही मागताय ते 'तज्ज्ञांचं स्वायत्त मंडळ' न्यूयॉर्कने करून पाहिलंय. रॉबर्ट मोझेस नावाचा गृहस्थ ट्रायबरो ब्रिज ऑथॉरिटीवर बसला होता. कधीही निवडणूक जिंकलेला नाही, पण टोलचा पैसा थेट मंडळाच्या तिजोरीत, त्यामुळे महापौरापुढे हात पसरायची गरज नाही. कामं भराभर झाली, हे मान्य. पण १९३९ मध्ये या माणसाने मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी पार्कच्या डोक्यावरून ब्रुकलिनपर्यंत पूल न्यायचं ठरवलं. शहरातल्या लोकांनी आरडाओरडा केला, त्याने ढुंकून पाहिलं नाही. कुणाचंच चालेना. शेवटी अडवला कुणी? रूझवेल्ट सरकारच्या युद्ध खात्याने. कारण दिलं की बाँब पडून पूल कोसळला तर पलीकडचा नौदलाचा तळ समुद्रापासून तुटेल. आता त्याच नदीवर तळाच्या आणि समुद्राच्या मध्ये आधीपासून पूल उभे होते! ते निव्वळ राजकारण होतं आणि त्यामुळेच शहराचं टोक वाचलं. तिथे बोगदा झाला, १९५० मध्ये उघडला.

तेव्हा राजकारण नको म्हणजे काय? भांडायची सोय नको, एवढंच ना?

मोजपट्टी
वाटसरू, एक मोझेस वाईट निघाला म्हणून मंडळ वाईट ठरत नाही. शिवाय त्याच्या बाकीच्या पुलांवरून लोक आजही जातायत.

निशिगंधा
न्यूयॉर्कचा विषय निघालाच आहे तर टॅपन झी. हडसन नदीवर पूल बांधायचा तर कुठे बांधाल? जिथे पात्र अरुंद तिथे. यांनी १९५५ मध्ये बांधला तो नदी जिथे जवळजवळ सर्वात रुंद आहे तिथे, पाच किलोमीटरच्या आसपास लांब, आणि खाली गाळ. का? तर थोडं दक्षिणेला पोर्ट ऑथॉरिटी या बंदर मंडळाची हद्द. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवती साधारण २५ मैलांचं वर्तुळ आखलेलं, त्यात पूल बांधला की टोल त्यांच्या खिशात. गव्हर्नर ड्युई यांना टोल राज्याच्या महामार्गासाठी हवा होता. म्हणून पूल वर्तुळाच्या जरासा बाहेर, जिथे बसेल तिथे!

म्हणजे जागा भूगर्भशास्त्राने ठरवलेली नाही, टोलच्या गल्ल्याने ठरवलेली आहे.

टोलवाटोलवी
माझ्या आयडीचा उगम सापडला.

निशिगंधा
अजून आहे. २०१७ मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल उघडला. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो. पुलाला नाव दिलं मारिओ कुओमो. ते कोण? माजी गव्हर्नर आणि यांचे तीर्थरूप.

अनुस्वार
नावांवरून सुरू झालं की संपलंच. खुर्ची सरकवून बसले आहे.

सरळरेषा
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. या धंद्यात आयुष्य गेलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. कंपनीचं आणि पुलाचं नाव विचारू नका.

राजकारण पुलाच्या नकाशात शोधू नका, वाहतुकीच्या अंदाजाच्या तक्त्यात शोधा. मोजणी प्रामाणिक असते. पोरं रात्रंदिवस नाक्यावर बसून गाड्या मोजतात. मग त्या आकड्यावर वार्षिक वाढीचा दर लावायचा असतो. एकच चौकट. आम्ही ४ टक्के धरला होता. तीस वर्षांनी वाहतूक ३.२ पट. अहवाल 'वर' गेला आणि परत आला, शेरा एका ओळीचा: 'दराचा पुनर्विचार व्हावा.' साहेबांनी माझ्यासमोर ४ खोडून ६.५ केलं. तीस वर्षांनी ६.६ पट. खाली टोलचं उत्पन्न, कर्जफेड, नफा, सगळे रकाने आपोआप हिरवे झाले. कुणी लाच दिली नाही, कुणी धमकावलं नाही. अडीच टक्क्यांसाठी कोण भांडत बसणार?

आणि हा दर खोटा आहे हे सिद्ध व्हायला पंधरा वर्षं लागतात. तोवर सही करणारे सगळे निवृत्त.

वाटसरू
सरळरेषा, दंडवत घ्या. बेंट फ्लुबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला होता. पूल आणि बोगद्यांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त. त्याचं म्हणणं हेच, की अंदाज नुसते चुकले असते तर कधी कमी, कधी जास्त असे दोन्हीकडे चुकले असते. ते बहुतेक एकाच बाजूला चुकतात.

मोजपट्टी
हे तर माझ्याच बाजूचं झालं! सरळरेषा, तुमच्या साहेबांवर दबाव कुणाचा होता? राजकारण्यांचाच ना?

सरळरेषा
दबाव कुणाचाच नव्हता, तीच तर गंमत. आकडा कमी आला तर पूल होणार नाही, पूल झाला नाही तर पुढचं काम मिळणार नाही. तुमच्या तज्ज्ञ मंडळातही हेच होईल. मंडळ पूल बांधण्यासाठी नेमलेलं असतं, न बांधण्यासाठी नव्हे.

अनुस्वार
वाहतुकीच्या आकड्यांवरून, तुर्कस्तानातला डार्डानेल्स सामुद्रधुनीवरचा पूल. सरकारने कंपनीला रोज ४५,००० वाहनांची हमी दिली आहे. तेवढी आली नाहीत तर फरक सरकार भरणार. म्हणजे जो माणूस पुलावरून कधीच जाणार नाही, तोही टोल भरतोय.

आणि नाव बघा, '१९१५ चानाक्काले'. १८ मार्च १९१५ च्या नौदल विजयाची आठवण म्हणून, उद्घाटनही १८ मार्च २०२२ ला. मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) किती मीटर? २,०२३. कारण २०२३ मध्ये प्रजासत्ताकाला शंभर वर्षं.

टोलवाटोलवी
म्हणजे अभियंत्याच्या हातात मोजपट्टीऐवजी कॅलेंडर. (मोजपट्टी, तुम्हाला उद्देशून नाही.)

सरळरेषा
त्यात एक व्यावहारिक फायदाही होता. जपानचा आकाशी काइक्यो १,९९१ मीटरचा. २,०२३ केला की जगातला सर्वात लांब गाळा. पण गाळा वाढला की केबल जाड, मनोरे उंच, वाऱ्याचा प्रश्न अवघड. शेवटचे शे-दोनशे मीटर सगळ्यात महाग पडतात. तेवढ्या खोलीत खांब उभा करता येत होता का, हा प्रश्न विचारायची सोय उरत नाही, कारण उत्तर आधीच भाषणात येऊन गेलेलं असतं.

खडूस आजोबा
भाषणातल्या पुलांचा राजा म्हणजे हंबर. जानेवारी १९६६, इंग्लंडातल्या हल नॉर्थची पोटनिवडणूक. लेबर सरकारचं बहुमत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, जागा गेली तर पंचाईत. वाहतूक मंत्री बार्बरा कासल तिथे जाऊन म्हणाल्या, तुम्हाला पूल मिळेल. जागा जिंकली! पंतप्रधान विल्सन यांना एवढा हुरूप आला की मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेऊन मोठं बहुमत मिळवलं.

आणि पूल? १९८१ ला उघडला. १,४१० मीटरचा गाळा, तेव्हाचा जगातला सर्वात लांब. गाड्या मात्र बेताच्याच. कर्जावर व्याज, व्याजावर व्याज. शेवटी सरकारने १५ कोटी पौंडांचं कर्ज माफ केलं तेव्हा कुठे २०१२ मध्ये टोल तीन पौंडांवरून दीड झाला. एका पोटनिवडणुकीचा हप्ता चाळीस-पन्नास वर्षं चालला.

निशिगंधा
आजोबा, पण पूल झाला तरी. मेसिनाचं काय? सिसिली आणि इटलीची मुख्य भूमी जोडणारा पूल. कायदा १९७१ चा, कंपनी १९८१ ची. पंतप्रधान बर्लुस्कोनी आले की पूल चालू, प्रोदी आले की बंद, पुन्हा बर्लुस्कोनी पुन्हा चालू, मोंटी आले पुन्हा बंद. २०२३ मध्ये मेलोनी सरकारने तो परत उठवून बसवला. ऑगस्ट २०२५ मध्ये १३.५ अब्ज युरोंना मंजुरी, आणि ऑक्टोबरमध्ये लेखापाल न्यायालयाने त्यावर शिक्का मारायला नकार दिला.

टोलवाटोलवी
असा पूल परवडतो. कोसळायची भीती नाही, शिवाय दर निवडणुकीला नवा कोरा.

अनुस्वार
आत्तापर्यंत सगळे सरकारलाच झोडपतायत. खासगी मालकाची गोष्ट ऐका.

अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर, मध्ये नदी, नदीवर १९२९ चा अँबॅसेडर ब्रिज. १९७९ पासून मालक एक कुटुंब, मॅन्युअल मोरून यांचं. दोन देशांच्या मालाच्या व्यापारातला जवळपास चौथा हिस्सा या एका खासगी पुलावरून जायचा. शेजारी सरकारी पूल व्हायचा म्हटल्यावर मालक गप्प बसेल? मिशिगनच्या विधिमंडळात प्रस्ताव पुढे सरकेना. खटल्यांवर खटले. २०१२ मध्ये तर मालकाने सार्वमतच लावलं, की नव्या आंतरराष्ट्रीय पुलाआधी राज्यभर मतदान सक्तीचं करा. जाहिरातींवर तीन कोटी डॉलरहून जास्त ओतले. मतदारांनी प्रस्ताव पाडला.

गव्हर्नर स्नायडर यांनी विधिमंडळाला वळसा घातला आणि कॅनडाशी थेट करार केला. कॅनडाने सांगितलं, मिशिगनचा वाटाही आम्हीच भरतो, टोलमधून वसूल करू. काम २०१८ ला सुरू, दोन्ही बाजू जून २०२४ मध्ये जुळल्या. नाव गॉर्डी हाऊ, आइस हॉकीचा खेळाडू. कॅनडात जन्मला, डेट्रॉइटकडून खेळला, त्यामुळे नावावर तरी भांडण नाही.

मोजपट्टी, इथे पूल अडवला तो मालकाच्या पैशाने आणि सोडवला एका राजकारण्याने. याचं काय करायचं?

मोजपट्टी
हे उदाहरण वेगळं आहे. स्नायडर यांनी विधिमंडळाला बाजूला ठेवलं म्हणूनच पूल झाला, म्हणजे माझाच मुद्दा.

वाटसरू
तुमचा मुद्दा फार लवचीक आहे हो. झुलत्या पुलाला चालेल.

निशिगंधा
पर्यावरणवाल्यांना अजून कुणी शिव्या घातल्या नाहीत, आश्चर्य आहे. मीच सुरुवात करते. ड्रेस्डेन, एल्बे नदी. २००५ मध्ये जनमत घेतलं, लोकांनी पुलाच्या बाजूने कौल दिला. युनेस्को म्हणाली, पूल झाला तर जागतिक वारशाचा दर्जा काढून घेऊ. २००७ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं, कारण एका दुर्मिळ जातीच्या छोट्या वटवाघळाची उडायची वाट पुलावरून जात होती. तोडगा काय निघाला, तर वटवाघळं फिरतात त्या महिन्यांत रात्री पुलावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा. २००९ मध्ये युनेस्कोने दर्जा खरंच काढून घेतला. २०१३ मध्ये पूल उघडला.

टोलवाटोलवी
वटवाघळांना टोल आहे का?

खडूस आजोबा
तुम्ही हसा. पण विरोधामुळे पूल सुधारल्याचंही उदाहरण आहे. डेन्मार्क-स्वीडनमधला ओरेसुंड. भीती अशी होती की खांबांमुळे बाल्टिकमध्ये जाणारं खारं पाणी अडेल आणि मासे मरतील. स्वीडनचे पर्यावरण मंत्री ओलोफ योहान्सन यांनी १९९४ मध्ये याच मुद्द्यावर राजीनामा दिला. शेवटी अट घातली गेली की पाण्याचा प्रवाह अजिबात घटता कामा नये. मग जेवढी जागा खांबांनी आणि कृत्रिम बेटाने अडवली तिची भरपाई तळ खणून केली. आणि पूल १ जुलै २००० ला सुरू झालासुद्धा. नुसतं अडवणं वेगळं आणि मोजता येईल अशी अट घालणं वेगळं.

पक्कामुंबईकर
धागाकर्त्याची माफी मागून एकच. शिवडी-न्हावा शेवा सेतूच्या २००८ च्या निविदेत टोलवसुलीसाठी एका कंपनीने ९ वर्षं ११ महिने मागितले आणि दुसरीने ७५ वर्षं. तोच समुद्र, तोच पूल. आणि दोन्ही कंपन्या दोन सख्ख्या भावांच्या! सरळरेषांचा ४ आणि ६.५ टक्केवाला किस्सा वाचून हेच आठवलं. पळतो आता.

मोजपट्टी
एवढं चालेल. पुढे नको, हात जोडतो.

सरळरेषा
७५ वर्षांच्या अंदाजात वाढीचा दर काय धरला असेल, या विचाराने आज झोप येणार नाही.

खडूस आजोबा
भ्रष्टाचाराचं नाव अजून निघालं नाही. ब्रुकलिन ब्रिजच्या केबलची तार जे. लॉइड हेग नावाचा ठेकेदार पुरवायचा. तपासनीस कारखान्यात तार तपासून पास करायचे, गाडी पुलाकडे निघायची, वाटेत चांगली तार उतरवून रद्दी तार चढवली जायची आणि तीच चांगली तार पुन्हा तपासणीला! पकडलं तोवर बरीच केबलमध्ये विणली गेली होती, काढणं अशक्य. वाचलो कशामुळे, तर मुख्य अभियंता रोबलिंगनी लागेल त्याच्या सहापट ताकद धरून आखणी केली होती, ती पाचपट उरली. वर प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा जास्त घातल्या, ठेकेदाराच्या खर्चाने.

पुढे १८८२ मध्ये त्याच आजारी रोबलिंगना काढून टाकायचा ठराव विश्वस्तांपुढे आला. दहा विरुद्ध सात मतांनी ते टिकले.

अनुस्वार
रच्याकने (जाता जाता), नव्या बे ब्रिजवरही असंच झालं ना? उद्घाटनाच्या काही महिने आधी काहीतरी तुटलं होतं.

सरळरेषा
हो. मार्च २०१३. भूकंपात पुलाचं हलणं रोखणारे जोड खांबाला घट्ट धरून ठेवणारे तीन-तीन इंच जाडीचे ९६ दांडे ताणले आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. जस्ताचा मुलामा दिलेलं अतिकठीण पोलाद, त्यात भोकांमध्ये पाणी साचून राहिलेलं. पोलादात हायड्रोजन शिरला की ते काचेसारखं तडकतं. तिथे हात घालून दांडे बदलता येत नव्हते, म्हणून बाहेरून पोलादी खोगीर घालून भार पेलला. यात कुणी चोरी केल्याचं पुढे आलं नाही. अट लिहिताना कुणीतरी नको ते पोलाद निवडलं, एवढंच.

वाटसरू
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण मोजपट्टींच्या पहिल्याच आकड्याबद्दल कुणी बोललेलं नाही.

१९३३ ते १९३६ हा फक्त बांधकामाचा काळ आहे. १९८९ ते २०१३ मध्ये ठरवणं आणि बांधणं दोन्ही धरलंय. ही तुलनाच बरोबर नाही. त्या खाडीवर पूल हवा असा हुकूम नॉर्टन नावाच्या स्वयंघोषित 'सम्राटा'ने १८७२ मध्येच काढला होता. लोक हसले. पुढे कित्येक वर्षं योजना येत राहिल्या आणि पडत राहिल्या. आरमाराला भीती की पूल पडला तर जहाजं आत अडकतील. हूव्हर अध्यक्ष झाल्यावर आयोग बसला, तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणजे ठरवायला साठ वर्षं, बांधायला साडेतीन. नव्या पुलाचं ठरवणं त्या मानाने झटपटच म्हणायचं!

मोजपट्टी
साठ वर्षं कुणी निकडीने ठरवत नव्हतं. १९८९ नंतर मात्र लोक रोज धोक्याच्या पुलावरून जात होते. त्या काळात मोठा भूकंप झाला असता तर? 'भांडायची सोय' म्हणता ती त्या लोकांच्या जिवावर होती. मनोरा हवा की नको यावर भांडायला ती जागा नव्हे. माझं मत कायम आहे.

सरळरेषा
हे मात्र मान्य. दुरुस्तीचा पूल आणि हौसेचा पूल यांना एकच नियम लावू नये.

आणि एक, दिरंगाईचा खर्च फक्त व्याजाचा नसतो. केंद्राचा पैसा घेतला की अमेरिकी पोलाद वापरायची अट लागते. म्हणून मनोऱ्याच्या कंत्राटात तो पैसा घेतलाच नाही आणि पोलाद आलं शांघायहून. मग त्यावरून पुन्हा वेगळं राजकारण.

निशिगंधा
अवांतर: जुना भाग पाडायलाही २०१३ ची अखेर ते २०१७ ची अखेर लागली. पाणकावळ्यांनी त्यावर घरटी केली होती. नव्या पुलाखाली त्यांच्यासाठी खास मचाणं बांधली, खोटे पाणकावळे बसवले, त्यांचे आवाज लावले. पक्षी बराच काळ ढिम्म हलले नाहीत.

टोलवाटोलवी
त्यांना जनसुनावणीला बोलावलं नसणार.

आता माझा एकच प्रश्न, जाणकारांनी उत्तर द्यावं. कर्ज फिटलं म्हणून टोल बंद झाला, असा एक तरी पूल जगात आहे का?

अनुस्वार
कर्ज फिटून नाही, पण भांडून बंद झालेला आहे. स्कॉटलंडमधला, स्काय नावाच्या बेटाला जोडणारा स्काय ब्रिज. १९९५ ला खासगी पैशातून झाला, टोल अवाच्या सवा. लोकांनी भरायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, शिक्षाही झाल्या. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये सरकारने पूल विकत घेऊन टोल काढून टाकला.

खडूस आजोबा
आणि सिडनीचं कर्ज १९८८ मध्ये फिटलं. टोल चालूच आहे. विचारलं तर म्हणाले, शेजारी बोगदा खणतोय ना, त्यासाठी. बोगदा १९९२ ला उघडला.